मुलांच्या वाढदिवसाला भेट किती रुपयांची द्यावी? वर्षाचा हिशोब कसा बसवता?

इंद्रायणीकाठ (प्रश्न)

मुलगी दुसरीत आहे, पुण्यात. वर्गात ३८ मुलं, शिवाय सोसायटीतली बारा-चौदा. हल्ली बरेचजण अख्खा वर्ग बोलावतात, त्यामुळे वर्षाला वीस-बावीस आमंत्रणं धरूनच चालावं लागतं. एकाच शनिवार-रविवारी दोन वाढदिवस येणं तर नेहमीचंच.

वर्गातल्या नुसत्या ओळखीच्या मुलाला आणि जिवलग मैत्रिणीला वेगळ्या किमतीची भेट द्यावी का? पार्टी प्ले झोनमध्ये असेल आणि यजमानांचा खर्च डोकी ७००-८०० रुपये असेल, तर २५० ची भेट कमी दिसते का? चार वर्षांच्या धाकट्या भावालाही बोलावलं असेल तर भेट वाढवावी का? आमंत्रणावर ‘भेटवस्तू आणू नये’ असं लिहिलेलं असेल तर खरंच रिकाम्या हाताने जायचं का? आणि आता वर्गाच्या ग्रुपवर काही पालक वर्गणी काढून एकच मोठी भेट द्यावी असं म्हणताहेत, ते नीट कसं करायचं?

कृपया आकडे आणि वस्तूंची नावं द्या. ‘प्रेमाने द्या, किंमत बघू नका’ हे पटतं, पण दुकानात उभं राहिल्यावर उपयोगी पडत नाही.

---

जमाखर्च

एका पार्टीचा आकडा ठरवायला बसलात तर दर वेळी नव्याने डोकं लावावं लागेल. आधी वर्षाचा आकडा ठरवा.

तुमचंच उदाहरण घेऊ. २२ आमंत्रणं आली तरी आजारपण, गावाला जाणं, एकाच वेळी दोन पार्ट्या यांत तीन-चार सुटतात. १८ धरा. त्यातल्या तीन जिवलग मैत्रिणी, प्रत्येकी ५०० प्रमाणे १,५००. उरलेली १५ मुलं, प्रत्येकी २५० प्रमाणे ३,७५०. कागद, चिकटपट्टी, कार्ड यांचे प्रत्येकी २५ प्रमाणे ४५०. अचानक येणाऱ्या आमंत्रणांसाठी ५०० बाजूला. झाले ६,२००. हा आकडा घराला झेपत असेल तर वर्षभर विषय संपला. झेपत नसेल तर २५० चे १५० करा, ५०० चे ३०० करा. बेरीज थेट ४,१०० वर येते. आमंत्रणं नाकारू नका, मुलांना पार्टीला जाणं महत्त्वाचं असतं.

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत वर्गमित्राला २०० ते ५०० दिलेले दिसतात, तालुक्याच्या गावी १०० ते २०० पुष्कळ होतात. पण आपल्या वर्गात आकडा काय चालतो हे बघायचं असेल तर सगळ्यात महागड्या भेटीकडे बघू नका. ती सगळ्यांच्या लक्षात राहते म्हणून नेहमीची वाटते, एवढंच. बहुतेकजण काय देतात ते बघा.

दोन थर मात्र ठेवा, ओळखीचे आणि जिवलग. तिसरा थर केलात की याच्या आईने मागच्या वर्षी काय दिलं होतं हे आठवत बसावं लागतं. भाचे-पुतणे या हिशोबात धरू नका. तिथे कपडे, औक्षण झाल्यावर हातावर खाऊला ठेवलेले २०१ किंवा ५०१, हा घरचा व्यवहार आहे आणि त्याचं खातं वेगळं.

ताटाच्या खर्चाशी भेटीची किंमत जोडू नका, हे अगदी ठामपणे सांगतो. जागा यजमानांनी त्यांच्या ऐपतीने आणि आवडीने निवडलेली असते. तुम्ही ती भरून काढायला गेलात की पुढच्या वेळी तेही तुमच्या भेटीला साजेशी परतभेट द्यायला जातात. दोन वर्षांत अख्ख्या वर्गाचा दर दुप्पट होतो, आणि ज्या घराला हे परवडत नाही ते मूल ‘पोट दुखतंय’ म्हणून यायचं थांबतं.

धाकट्याला बोलावलं असेल तरी घराची भेट एकच. अगदीच वाटलं तर सोबत ५०-६० रुपयांची छोटी वस्तू घाला. जुळ्यांचा वाढदिवस असेल तर मात्र दोन वेगळी पुडकी हवीत, प्रत्येकी १५०-२०० ची. एकच खोका दोघांत दिला की घरी भांडण ठरलेलं. तंतोतंत सारखं काही नको, एका जातीच्या दोन वेगळ्या वस्तू द्या. एकाला प्राण्यांचं जिगसॉ, दुसऱ्याला नकाशाचं.

आणि एक वही ठेवा. मुलाचं नाव, तारीख, काय दिलं. पुढच्या वर्षी तेच खेळणं परत जात नाही.

---

गल्ल्यावरून

खेळण्यांचं दुकान आहे, म्हणून वस्तूंबद्दल मी सांगतो. किमती साधारण धरा, शहरागणिक थोडा फरक पडेल.

१५० पर्यंत: ओरिगामीचे दोन्ही बाजूंनी रंगीत चौकोनी कागद, चांगलं भिंग, लाकडी भोवरा आणि जाळी, उड्या मारायची दोरी, पत्त्यांसारखे खेळायचे खेळ. सहा-सात वर्षांच्या मुलांत पत्त्यांचे खेळ सगळ्यात जास्त दिवस टिकतात, कारण ते प्रवासात जातात आणि आजीआजोबाही खेळतात.

२०० ते ३००: ६० ते १०० तुकड्यांचं जिगसॉ (चार वर्षांच्या मुलाला २४ तुकडे पुरे), घडीचा बुद्धिबळाचा पट, पोस्टर रंगांचा संच. रंग देताना सोबत १० नंबरचा एक गोल ब्रश आणि जाड कागदाची वही द्या. नुसते रंग घरी गेले की साध्या वहीवर वापरले जातात, कागद फाटतो आणि डबा माळ्यावर जातो.

५०० च्या आसपास: नावाजलेल्या कंपनीचा बोर्ड गेम, किंवा एकमेकांत बसणारे ठोकळे. ठोकळ्यांत तुकड्यांची संख्या बघून भुलू नका. स्वस्त संचातले ठोकळे चार वेळा लावून काढले की सैल पडतात. खोका उघडता आला तर दोन ठोकळे जोडून उलटे धरून हलवा, सुटले तर घेऊ नका. आणि मुलाकडे आधीच कुठल्या कंपनीचे ठोकळे आहेत हे विचारा, कारण एकाचे दुसऱ्यात नेहमी बसतातच असं नाही.

छापील किमतीवर जाऊ नका. बऱ्याच गिफ्टच्या खोक्यांवर ५९९ छापलेलं असतं आणि दुकानात ते ३०० ला विकलं जातं. ‘सहाशेची वस्तू तीनशेत मिळाली’ असं काही होत नाही, ती तीनशेचीच असते. तोच खोका दोन ठिकाणी विचारा, खरा भाव कळतो.

आता सुरक्षिततेचं. १ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, हस्तकलेच्या काही खेळण्यांना सूट आहे. चिन्हासोबत ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ या सरकारी ॲपवर टाकला की कंपनीचं नाव दिसतं. खोक्यावर चिन्ह आहे पण क्रमांकच नाही, असा माल घेऊ नका.

तीन गोष्टी तर चिन्ह असलं-नसलं तरी टाळा, विशेषतः घरात लहान भावंड असेल तर. एक, बटणाएवढे सेल असलेली खेळणी, ज्यांचं झाकण स्क्रूशिवाय उघडतं. असा सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर भाजतं. दोन, सुटे छोटे ताकदवान चुंबक. दोन गिळले गेले तर आतड्याच्या दोन भिंती मधे धरून एकमेकांना चिकटतात. तीन, पाण्यात फुगणारे जेलीचे मणी. पोटात गेल्यावर तिथेही फुगतात आणि आतडं अडवतात. तीन वर्षांखालच्या मुलासाठी घेताना एवढं बघा की पावणेदोन इंच व्यासाच्या नळीतून, म्हणजे टॉयलेट पेपरच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळीतून, जे आरपार जातं ते त्या घरात नको. सरकारी चाचणीचा साचा याहून लहान, ३१.७ मिलिमीटरचा असतो. पुठ्ठ्याची नळी थोडी मोठी आहे हे बरंच आहे.

आगाऊ चार-सहा वस्तू घेऊन ठेवायच्या असतील तर जिगसॉ, पत्ते, पुस्तकं ठेवा. क्ले ठेवू नका, सील असलं तरी महिन्यांनी कडक होते. सेल आत बसवलेली खेळणीही नकोत. सेल गळतो आणि पट्ट्या गंजतात, मग नवा सेल घालूनही खेळणं चालत नाही.

बदलून मिळेल का, हे घेतानाच विचारा आणि चिठ्ठीवर तारीख लिहून घ्या. खोका उघडलेला नसेल तर बहुतेक दुकानदार आठ-पंधरा दिवस बदलून देतात. ती चिठ्ठी, किंमत दिसणार नाही अशी दुमडून, खोक्याच्या आत न ठेवता कार्डाच्या पाकिटात ठेवा. आत ठेवली तर ती सापडेपर्यंत खोका उघडलेला असतो!

---

दुसरी_तुकडी_ब

प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे वाढदिवसानंतरच्या सोमवारी वर्गात काय बोललं जातं ते माहीत आहे. सात-आठ वर्षांच्या मुलांना किंमत कळत नाही. त्यांना तीन गोष्टी कळतात: खोका केवढा, आत काय आहे, आणि ते खेळता आलं का. किमतीचं बोलणं घरातून येतं. भेटी उघडताना मोठ्यांनी ‘हे केवढ्याचं असेल’ म्हटलं की मूल तेच वाक्य शाळेत आणतं. म्हणून पाहुण्यांसमोर भेटी उघडू नका. घरी उघडा, एकेक उघडून कागदाच्या मागे देणाऱ्याचं नाव लिहा, आणि दिवसाला एक-दोनच खेळायला काढा. वीस खेळणी एका संध्याकाळी उघडली की एकही धड खेळलं जात नाही, आणि कुणाचं कुठलं हेही कळत नाही.

पुस्तकांबद्दल अजून कुणी नीट सांगितलं नाही म्हणून सांगते. २५० रुपयांत मराठीत उत्तम चित्रपुस्तकांचा संच होतो. ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्स यांची पातळ पुस्तकं बघा. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात तासाभरात वर्षाची खरेदी होईल. दुसरीच्या मुलासाठी पानावर चार-पाच ओळी, मोठा टाइप आणि जोडाक्षरं कमी असं बघा. मूल इंग्रजी माध्यमात असेल तर एक पायरी खालचं घ्या, कारण मराठी वाचनाचा वेग कमी असतो आणि अवघड पुस्तक पहिल्या पानावरच मिटतं. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, चौथीच्या पुढच्या मुलांना त्याची वर्षाची वर्गणी ही फार सुंदर भेट आहे. पत्ता पिनकोडसकट आधी विचारून घ्या, आणि पहिला अंक यायला वेळ लागतो म्हणून वाढदिवसाला हातात द्यायला दुकानातून एक सुटा अंक विकत घ्या. पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेनाने नाव-तारीख लिहू नका. त्यांच्याकडे ते आधीच असेल तर मग बदलता येत नाही. वेगळ्या चिठ्ठीवर लिहा.

‘भेटवस्तू आणू नये’ लिहिलं असेल तर ते खरं मानावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे दोघांनी भेट नेली की न नेणाऱ्या पंधरांना अवघडल्यासारखं होतं, आणि पुढच्या वेळी त्या ओळीवर कुणी विश्वास ठेवत नाही. मुलीला रिकाम्या हाताने जाणं जड जात असेल तर कार्डशीट अर्धी दुमडून तिने स्वतः काढलेलं चित्र आणि दोन ओळी. बास.

यजमानांनीही ही ओळ लिहायची तर पाळायची. केकच्या टेबलाजवळ भेटींचा ढीग लावू नका. कुणी आणलीच तर आतल्या खोलीत ठेवा.

याहून चांगलं म्हणजे पुस्तक-अदलाबदल. आमंत्रणात सरळ लिहा: ‘प्रत्येकाने १०० ते १५० रुपयांचं एक पुस्तक कागदात गुंडाळून आणावं, जाताना दुसरं घेऊन जावं.’ भेट आणि परतभेट दोन्हींचा खर्च एकदम मिटतो. पुस्तकावर वयोगट लिहायला सांगा, दारातच प्रत्येक पुडक्यावर क्रमांक टाका आणि चिठ्ठ्या काढा. स्वतःचंच पुस्तक आलं तर चिठ्ठी परत टाकायची. दोन-तीन पुस्तकं जास्तीची ठेवा, कुणीतरी विसरतंच. वाढदिवसाच्या मुलालाही याच चिठ्ठीत घ्या, आणि हे त्याला आठवडाभर आधी नीट समजावून सांगा. ऐनवेळी कळलं तर रडू येतं आणि ते रास्त आहे.

---

वऱ्हाडी_ठसका

पाकिटाबद्दल कुणी बोललं नाही. १०१ किंवा २०१ चं पाकीट दिलं तर पालक त्यांना हवी ती एक वस्तू घेऊ शकतात. घरात प्लास्टिकचा पसारा होत नाही, धावपळ वाचते. आमच्याकडे अकोला-अमरावतीला तर अजूनही हेच चालतं आणि कुणाला वावगं वाटत नाही.

---

जमाखर्च

नात्यात आणि मोठ्यांच्या ओळखीत पाकीट उत्तम. पहिल्या वाढदिवसाला तर तेच बरं, कारण ते बोलावणं खरं म्हणजे आईवडिलांच्या माणसांना असतं. पण सात वर्षांच्या मैत्रिणीने मैत्रिणीला पाकीट दिलं तर त्यात दोघींनाही काही मिळत नाही. देणारीने काही निवडलेलं नसतं, घेणारीच्या हातात खेळायला काही येत नाही. दुसरी अडचण अशी की पाकिटावर आकडा उघड असतो. २५० चं जिगसॉ आणि ३५० चा खेळ यांची तुलना होत नाही, १०१ आणि ५०१ ची लगेच होते.

---

इसार_नदी

म्युनिकहून लिहितोय. इथली एक पद्धत आपल्याकडे सहज चालेल. वाढदिवस असलेलं मूल खेळण्यांच्या किंवा पुस्तकांच्या दुकानात जाऊन स्वतःला हव्या त्या वस्तू एका टोपलीत ठेवतं. दुकानदार टोपलीवर नाव आणि पार्टीची तारीख लावतो. पाहुण्यांनी जायचं, टोपलीतली आपल्या ऐपतीची एक वस्तू उचलायची, पैसे द्यायचे. तेच खेळणं दोनदा येत नाही आणि नको ते येत नाही. इथे वर्गमित्राला साधारण १० ते १५ युरोंची भेट देतात, म्हणून पालक टोपली भरताना मुलाला त्या मर्यादेतच निवडायला लावतात. महाग वस्तू ठेवायची तर ती आजीआजोबांसाठी वेगळी काढून ठेवतात.

आणखी एक: जितकं वय तितकी मुलं बोलवायची, असा इथे सर्रास वापरला जाणारा अंदाज आहे. आठव्या वाढदिवसाला आठ मुलं. खर्च कमी करायचा असेल तर खरी किल्ली हीच आहे असं मला वाटतं. भेटीचा दर उतरवण्यापेक्षा आमंत्रणांची संख्या उतरवणं सोपं पडतं.

---

गल्ल्यावरून

टोपली आम्ही आनंदाने ठेवू. तुमच्या नेहमीच्या दुकानदाराला विचारा, बहुतेकजण हो म्हणतील. पाहुण्यांच्या संख्येपेक्षा चार-पाच वस्तू जास्त असू द्या, म्हणजे शेवटी येणाऱ्यालाही निवड राहते. आणि १५० च्या तीन-चार वस्तू हव्यातच.

---

इंद्रायणीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. वर्षाला ६,२०० चा हिशोब घरात पटला, दोन थरही. वर्गणीचं मात्र राहिलं. ग्रुपवर दहा घरं तयार आहेत, डोकी ३०० म्हणताहेत, वर्गातल्या एका मुलीला स्केट्स द्यायच्या आहेत.

---

जमाखर्च

वर्गणीत बिघडतं ते याच टप्प्यावर, आधी डोकी आकडा ठरतो आणि मग वस्तू शोधतात. ३,००० जमले की ३,००० चीच वस्तू आणली जाते, मुलीला १,८०० च्या स्केट्स पुरत असल्या तरी. उलट करा. आधी तिच्या आईला विचारा की स्केट्स चालतील का, शिकायला जागा आहे का. पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये मागवा. बुटाचा नंबर कंपनीगणिक बदलतो. लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या स्केट्स घ्या आणि पाऊल त्या मापाच्या खालच्या टोकाला बसेल असं बघा, म्हणजे दीड-दोन वर्षं निघतील. हेल्मेट, गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड याच रकमेत धरा. नुसत्या स्केट्स दिल्या तर पुढचा खर्च तिच्या घरावर पडतो.

सगळ्याची बेरीज झाली की दहाने भागा. समजा २,४०० झाले, तर २४० प्रत्येकी. पैसे एकाच व्यक्तीकडे, यूपीआयने, पार्टीच्या चार दिवस आधीपर्यंत. खरेदी त्यानंतर. आधी खिशातून घेऊन मग मागायला गेलं की एक-दोघांचे राहतात आणि त्यावरून मनं दुखावतात. कोणी किती दिले याची यादी ग्रुपवर टाकू नका. बिलाचा फोटो मात्र टाका.

ज्यांना वर्गणीत यायचं नाही त्यांना कारण विचारू नका. त्यासाठी पहिल्याच मेसेजमध्ये लिहा: ‘ज्यांना स्वतंत्र भेट द्यायची आहे त्यांनी कळवायची गरज नाही.’ नाहीतर वर्गणीचा आकडाच वर्गाचा किमान दर होऊन बसतो.

कार्डावर नावं मुलांची, अक्षरक्रमाने, रकमा नाहीत. आणि हे दर वाढदिवसाला करू नका. एकीला दहा घरांनी मिळून स्केट्स दिल्या की पुढच्या मुलाला काय, हा प्रश्न दुसऱ्याच आठवड्यात येतो. एकतर त्या दहा घरांनी वर्षभर एकमेकांच्या मुलांना अशीच द्यायची असं आताच ठरवा, किंवा यंदा सुरूच करू नका.

---

गल्ल्यावरून

एक राहिलं, गुंडाळायचा कागद. दुकानात २०-४० रुपये घेतात, घरी सात-आठ रुपयांत होतं. बाजारातला ताव साधारण २० बाय २८ इंचांचा असतो. खोक्याची रुंदी आणि उंची मिळवून दुप्पट करा, वर दोन इंच. ही झाली एक बाजू. दुसरी बाजू म्हणजे लांबी अधिक उंचीची दुप्पट. १२ बाय ९ बाय २ इंचांच्या बोर्ड गेमला २४ बाय १६ लागतो, म्हणजे एका तावात बसतो. स्केट्सचा खोका बसणार नाही, त्याला दोन ताव आधी जोडून घ्या, जोड खालच्या बाजूला येईल असा.

किमतीचा स्टिकर काढायला हेअर ड्रायरने अर्धा मिनिट गरम करा, अलगद सुटतो. प्लास्टिकवर गोंद राहिलाच तर खोबरेल तेलाचा थेंब लावून पुसा. पुठ्ठ्याच्या खोक्यावर तेल लावू नका, डाग पडतो. तिथे चिकटपट्टीचा तुकडा दाबून ओढत राहायचं.